सरांची बाबागाडी

सरांच्या घरी स्टोव्हलाही चाकं होती. चहाची वेळ झाली की वहिनी स्वयंपाकघरातून दोरीचं टोक बाहेरच्या खोलीत फेकत, सर ती दोरी हळूहळू ओढत, आणि फरफरणारा स्टोव्ह वरच्या आधणासकट पाहुण्यांच्या पुढ्यात येऊन थांबे. पहिल्यांदा मी घाबरून पाय वर घेतले होते. सर शांतपणे म्हणाले, "बैठक रुंद हाय त्याची. कलंडायचा न्हाय." त्यांच्याकडे चहाला मी अनेक वर्षं जात होते. स्टोव्ह कधी कलंडला नाही, पण पाय खाली ठेवून बसायचं धैर्य मला फार उशिरा आलं.

पाण्याच्या पिंपाला चाकं होती, ज्वारीच्या डब्यांना होती, ट्रंकांना होती. खाटेलाही होती. घराची फरशी उत्तरेला किंचित उतरती असल्यामुळे खिडकीखाली झोपलेले सर सकाळी समोरच्या भिंतीपाशी सापडतात, असं वहिनी सांगायच्या. सर हा दोष चाकांचा मानत नसत, गवंड्याचा मानत. निपाणीच्या बाजारात मोडीच्या दुकानी त्यांना मान होता. शिलाई मशीनचं मोडकं पायदान, खेळण्यातली सायकल, बंद पडलेल्या कारखान्यातली ढकलगाडी, असं काही आलं की दुकानदार आधी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी.

निपाणी आणि बोरगावच्या मधल्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये आम्ही दोघं शिकवत होतो. ते विज्ञान, मी मराठी. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर निपाणीची. काळा कोट मात्र वर्गात आणि वर्गाबाहेर सारखाच. मे महिन्यात तंबाखूच्या रानातून निखाऱ्यासारखा वारा यायचा, तेव्हाही वरचं बटण लावलेलं असायचं. त्यांच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता, कोटातल्या माणसाचा. तो कोणाचा हे सांगायची गरज नाही. एकदा मी विचारलं, सर, उकडत नाही का? ते म्हणाले, "उकडतंय की. पण आमच्या आज्याला कोट घालाय बंदी हुती. त्याचं उकडायचं राहिलंय, ते मी फेडतोय."

कोट न घालता सरांना कोणी पाहिलं नव्हतं, आणि डोक्यावर किंवा खांद्यावर काही घेतलेलं तर मुळीच पाहिलं नव्हतं. हातात पिशवी घेत, तीही हलकी. जड असेल ते चाकावर. शाळेत त्यांचा एक नियम होता आणि तो मुलांना न्यूटनच्या नियमांआधी पाठ व्हायचा: "डोकं विचार कराय दिलंय, वजन ठेवाय न्हाय." मैदानातून एखादा पोरगा दप्तर डोक्यावर घेऊन येताना दिसला की सर त्याला थांबवत, दप्तर खाली ठेवायला लावत आणि त्याच्याकडून नियम म्हणून घेत.

या नियमापायी एकदा मोठा घोळ झाला. आमच्या हेडसरांना समारंभ फार प्रिय होते. नळाला नवी तोटी बसवली तरी ते कोणाला तरी बोलावून हार घालत. शाळेला नवे बाक मिळाले तेव्हा साहजिकच उद्घाटन ठरलं. तालुक्याहून पाहुणे यायचे होते. बाकांचा ट्रक मात्र ओढ्यापलीकडच्या डांबरी रस्त्यावरच थांबला, कारण अलीकडचा रस्ता ट्रकच्या लायकीचा नव्हता. हेडसरांनी मोठी मुलं पाठवली. दोघादोघांनी एकेक बाक डोक्यावर घेऊन निघायचं. सर वाटेत आडवे उभे राहिले. सगळे बाक खाली ठेवायला लावले, घरी गेले, पिंपाखालची आणि ट्रंकांखालची चाकं काढून आणली आणि तिथंच बसून एक ढकलगाडा जोडायला घेतला. पाहुणे आले, हार झाले, हेडसरांचं स्वागताचं भाषण झालं, ते संपलं म्हणून परत झालं, आणि बाकांचा पत्ता नव्हता. शेवटी पाहुण्यांनी उभ्या उभ्या, नसलेल्या बाकांचं उद्घाटन केलं. परत जाताना त्यांना ते बाक वाटेत भेटले, गाड्यावर, डौलात येताना. पाहुण्यांनी गाडी थांबवून नमस्कार केला म्हणतात. तो बाकांना की सरांना, हे मला माहीत नाही.

मी तेव्हा सरांना मनातल्या मनात हसले होते. समारंभाचा डौल मला कधी झेपला नाही आणि नियमांचा डौलही मला त्याच जातीचा वाटायचा. मग एकदा पगाराच्या कामासाठी आम्ही निपाणीला गेलो होतो, तेव्हा एका तंबाखूच्या वखारीसमोर सर थांबले. आतून हमाल तंबाखूची बोदं, गोणपाटात बांधलेले अवजड गठ्ठे, डोक्यावर घेऊन बाहेर येत होते. सर म्हणाले, "माझा बा हितं हुता. त्याला मान नव्हती, बाई. खांदं संपलं की डोकंच." एवढं बोलून ते चालू लागले. वाटेत पुढे त्यांनी मला घर्षणाविषयी बरंच काही सांगितलं. मी ऐकत होते, पण मला ती मान दिसत होती.

माझी मुलगी वर्षाची झाली तरी उभं राहायला तयार नव्हती. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचं हाड खोबणीत नाही. दोन्ही पाय बाजूला फाकवून कमरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. बेडूक उताणा टाकावा तशी ती दिसायची, आणि हसायची. डॉक्टर बाहेरगावचे होते, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बेळगावला येत. त्या त्या दिवशी तिला नेऊन दाखवायचं, गरज असेल तर प्लॅस्टर बदलायचं. त्यांनी मला नीट समजावलं होतं. प्लॅस्टर फुटलं किंवा भिजलं तर हाड परत निसटेल, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरही ती नीट चालेलच असं सांगता येणार नाही.

आता प्रश्न असा, की न्यायचं कसं. नवरा बेळगावच्या ऑफिसात, माझी बदली कागदावर. माहेर वडगावात, विणकरांचं, पण आई गेलेली. आप्पा आणि भाऊ दिवसभर मागावर. मुलगी माझ्याजवळच राहणार होती. शाळेच्या वेळात घरमालकीण सांभाळायची, त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या वाटेची. काळ्या मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या पडून वाळलेल्या, मध्ये पाट, मग उताराला नुसते गोटे, आणि शेवटी ओढा. ओढ्यावर पूल मंजूर झाल्याचं सीमेच्या दोन्ही बाजूंचे पुढारी आळीपाळीने सांगत असत, त्यामुळे तो कोणीच बांधत नव्हतं. अशा वाटेवर ते मूल कडेवर बसत नव्हतं, कारण कडेवर बसायला पायांनी अंगाला विळखा घालावा लागतो. हातांवर आडवं धरावं तर प्लॅस्टरचं ओझं, आणि पाय दोन्हीकडे बाहेर. पहिल्या वेळी मी बैलगाडी केली. परत येताना उतारावर गाडी दणकली आणि प्लॅस्टरला मांडीपाशी चीर गेली. दुसऱ्या दिवशी परत बेळगाव. डॉक्टर गेलेले होते. त्यांच्या मदतनिसाने वरून पट्टी मारून दिली आणि म्हणाला, आणखी एकदा असं झालं तर मोठे डॉक्टर ऐकून घेणार नाहीत.

मी शाळेच्या खोलीत बसून रडत नव्हते, पण तपासायच्या वह्यांकडे बराच वेळ नुसती बघत होते. सर आले. काय झालं ते त्यांनी विचारून घेतलं, कोटाचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "बाबागाडी पायजे."

मी म्हटलं, सर, बाबागाडी बागेत फिरवायची असते. ह्या वाटेवर बैलगाडी टिकत नाही.

"म्हणून तर निवडून घ्याय पायजे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमला नाही. जन्मभर चाकांचा पुरस्कार केलेल्या माणसाला चाकांची खरी गरज असलेलं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

पुढच्या रविवारी ते स्वतः बेळगावला गेले आणि दोन गाड्या घेऊन आले, दोन्ही परत करायच्या बोलीवर. एक कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानातली. कुठल्या तरी लष्करी साहेबाच्या पोराची असावी: मोठी चाकं, खाली स्प्रिंगा, होडीसारखं खोल अंग, वर काळी छत्री. रथ म्हणावा अशी, आणि वजनालाही तशीच. दुसरी नवी, मुंबईची, नळ्यांची, घडी होणारी. बसमध्ये चढवायला सोपी, पण चाकं बशीएवढी. दुकानदाराने ती सरांना काउंटरवर फिरवून दाखवली होती. सर म्हणाले, "काउंटरवर काय, पोळपाट पण फिरतोय."

मग चाचणी. सरांनी एक चाचणी समिती नेमली, तिचे अध्यक्ष ते, सदस्य मी आणि ड्रॉइंगचे मास्तर. हेडसरांना हे कळताच त्यांनी नारळ फोडण्याची तयारी दाखवली. सर म्हणाले, नारळ फुटू नये म्हणून तर हे चाललंय. हेडसरांना ते कळलं नाही, पण त्यांनी दोन शब्द बोलून घेतले. सरांनी प्लॅस्टरच्या जागी मडकं ठरवलं होतं. मुलीच्या वजनाचं, आत वाळू भरलेलं, पातळ बुडाचं मडकं. ते गाडीत ठेवायचं आणि घरापासून ओढ्यापर्यंत न्यायचं. मडकं शाबूत तर गाडी पास.

मुंबईची गाडी पहिल्याच चाकोरीत नापास झाली. तिचं पुढचं चाक भेगेत शिरलं आणि मडकं मातीत गेलं. कॅम्पातली गाडी गोट्यांवरूनही झुलत जायची, पण उतारावर ती माणसाला ओढून न्यायची, आणि ओढ्याच्या चढाला मला एकटीला हलेना. परत करायची बोली मोडून सरांनी तिचं अंग उतरवलं, छत्री काढली, नुसता सांगाडा आणि चाकं ठेवली. मागे सायकलचा ब्रेक बसवला. परत मडकं, परत ओढा. कुंभारणीला वाटलं शाळेत लग्न आहे. गावातली माणसं वाटेकडेला बसून बघायची आणि विचारायची, मास्तर, मडकं कुणाच्या घरचं, कोण गेलं? सर गाडीमागून कोटाचे खिसे सांभाळत चालत आणि प्रत्येक दगडापाशी वाकून चाक कसं चढतं ते बघत. ह्या सगळ्यात पंधरवडा गेला. शेवटी वाळूच्या मडक्याऐवजी पाण्याने भरलेलं मडकं ठेवलं आणि पाणी हिंदकळलं नाही, तेव्हा अध्यक्षांनी गाडी पास झाल्याचं जाहीर केलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सांगाड्यावर गाडीचं मूळचं अंग, छत्री सोडून, परत बसवलं आणि मी मुलीला आणून त्यात ठेवू लागले.

ती त्यात मावेना. पाय.

साहेबाच्या पोराचे पाय जुळलेले होते. तिचे दोन्हीकडे फाकलेले. आडवी, तिरपी, कशीही ठेवली तरी गुडघे काठावर येत. पंधरा दिवस आम्ही तीन शिकलेल्या माणसांनी चाकं तपासली, ब्रेक तपासले, वाळू आणि पाणी भरून मडकी फोडली, आणि मूल एकदाही आत ठेवून बघितलं नव्हतं. सरांनी एकदा गाडीकडे, एकदा तिच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "मडक्याला पाय नसत्यात, बाई." आणि एवढ्या मोठ्यानं हसले की मुलगीही हसायला लागली. अध्यक्षाला स्वतःवर हसता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं. हेडसरांच्या हाताखाली काम करून मला ती अपेक्षा राहिली नव्हती.

उपाय मग सोपाच होता. बाजारातून भाकरीच्या टोपलीसारखी, पण हातभर रुंद अशी वेताची उथळ बुट्टी आणली. तिच्यात मऊ वाकळ घातली की मुलगी पाय पसरून ऐसपैस मावायची. आप्पांनी वडगावहून मागाच्या जुन्या चामडी पट्ट्या पाठवल्या, त्या सांगाड्याला बांधून त्यांवर बुट्टी टांगली. गचके पट्ट्या खात होत्या आणि मुलगी झोपत होती. डांबरी रस्त्यावर पोचलं की बुट्टी सोडवून बसमध्ये मांडीवर घ्यायची, सांगाडा पलीकडच्या चहावाल्याकडे ठेवायचा. पावसाळ्याआधीचे सगळे महिने आम्ही असे गेलो. सर दर वेळी ओढ्यापर्यंत सोबत यायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, चाकांची झीज बघायची आहे. हात मागे बांधून पुढे चालत, आणि वाटेतला गोटा बुटाने बाजूला सारत. अध्यक्षांनी समिती अजून बरखास्त केली नव्हती.

आषाढातला ठरलेला दिवस आला. प्लॅस्टर काढून, हाड बसलंय का बघून, शेवटचं घालायचं होतं. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता, त्या सकाळी उघडला. ओढ्यावर आलो तर पाणी मांडीला लागेल एवढं, गढूळ, आणि खालचे गोटे दिसत नव्हते. सरांनी सांगाडा रिकामाच पाण्यात घालून बघितला. पुढचं चाक दगडात अडकलं, पाण्याने सांगाडा आडवा केला. त्यांनी तो ओढून काढला, दुसरीकडून घालून बघितला, तिसरीकडून. चाक पुढे जाईना. बुट्टी माझ्या हातांवर होती, मुलगी जागी होती आणि पाण्याचा आवाज कान देऊन ऐकत होती. बैलगाडीवाला कोणी नव्हता. पलीकडे, वर, बस यायची वेळ होत आली होती. आज डॉक्टर चुकले तर परत महिना, आणि प्लॅस्टरखालच्या कातडीला तेव्हाच वास यायला लागला होता.

मी म्हटलं, मी नेते. पदर खोचला आणि पाण्यात पाऊल टाकलं. ते गोट्यावरून घसरलं. मी पडले नाही, पण बुट्टी कलली आणि सरांनी ती धरली.

"थांबा, बाई."

त्यांनी बुट्टी माझ्याकडे परत दिली. कोटाची बटणं काढली, वरपासून खालपर्यंत, एकेक. कोट काढला. आत साधा पांढरा शर्ट होता, कॉलर विरलेली. त्यांनी कोटाला पीळ दिला, गुंडाळला, एका हाताने फिरवून त्याची चुंबळ केली. तो हात एकदाही अडखळला नाही. बाजारात हमाल बोलता बोलता चुंबळ करतात, तशी. ती डोक्यावर ठेवली, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली.

"ठेवा."

मी ठेवली. ते उठले. बुट्टी एवढीशीही हलली नाही. पायांनी तळ चाचपत, नजर समोर, एक हात बुट्टीच्या काठाला, एक मोकळा, असे ते पाण्यात शिरले. मी मागे, त्यांच्या शर्टाकडे बघत. त्यांची मान मला दिसत होती. ताठ होती आणि भाराने थरथरत होती. मध्यावर पाणी कमरेला लागलं, ते थांबले, पाय रोवला, परत निघाले. वर मुलगी हात हलवत होती.

पलीकडच्या काठावर एक म्हातारी शेळी घेऊन उभी होती. वरच्या वाड्यातली, सोवळ्याची कडक. मला शाळेत रुजू झाल्या दिवशी जात विचारून मगच तिने पाणी दिलं होतं. डोक्यावर बुट्टी, बुट्टीत लेकरू, कमरेएवढ्या पुरातून येणारा माणूस, हे बघून तिने शेळीची दोरी सोडली आणि हात जोडले. सर काठावर आले, मी बुट्टी उतरवून घेतली, आणि म्हातारी खाली वाकून त्यांच्या ओल्या पायांना हात लावायला लागली. "वसुदेव गं बाई, वसुदेव," ती म्हणत होती.

सर दोन पावलं मागे सरले, जवळजवळ परत पाण्यात गेले. ज्या माणसाने जन्मभर देव मानले नाहीत आणि वजन उचललं नाही, त्याला दोन्ही गोष्टी एकदम भोवल्या होत्या. चुंबळ अजून डोक्यावरच होती. ते म्हणाले, "आजी, मी वसुदेव न्हाय. वखारीतल्या हमालाचा पोरगा हाय मी. मला वजन उचलाय येतंय, एवढंच."

म्हातारीने वर बघितलं. सरांचं घर कुठल्या वस्तीत आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"मग वसुदेव तरी काय येगळा हुता रं, बाबा?" ती म्हणाली. "लेकराचं वज्जं उचललं, म्हणून तर त्याचं नाव राह्यलं."

वाद घालणारी माणसं मी खूप पाहिली, सरांइतका तयारीचा कोणी नाही. पण त्यांनी हात वर करून चुंबळ तेवढी डोक्यावरून काढली. बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा ते चुंबळ उलगडून कोट झटकत होते आणि म्हातारी त्यांना काहीतरी विचारत होती, बहुधा शेळी कुठे गेली ते.

हाड खोबणीत बसलं होतं. डॉक्टरांनी दाबून, फिरवून पाहिलं, आणि प्लॅस्टर कोरडं ठेवल्याबद्दल मला शाबासकी दिली. ती मी घेतली. खुलासा करायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत सर कोटातच होते. पाठीवर आणि बाहीवर गोल चुरगळ्या पडल्या होत्या, इस्त्रीने गेल्या नव्हत्या. मला बाजूला बोलावून म्हणाले, "कालचं पोरांत सांगू नका. नियमाला अपवाद कळला की पोरं अपवादच पाठ करत्यात." मी कबूल केलं. पण म्हातारीने कोणाला कबूल केलेलं नव्हतं. दुपारपर्यंत पोरं त्यांना बघून हात जोडू लागली. सर प्रत्येकाला थांबवून नियम म्हणायला लावत, आणि पोरं तो म्हणत, हसत हसत. हेडसरांनी सत्काराचा विषय काढला, तेव्हा मात्र सर घरी निघून गेले.

शेवटचं प्लॅस्टर निघालं तेव्हा मुलीचे पाय काटकुळे झाले होते. ती उभी राही आणि बसे. सरांनी सांगाड्यावरच्या पट्ट्या काढल्या, पुढे दगड बांधून वजन दिलं, ब्रेक निम्म्यावर आवळला, आणि म्हणाले, आता हिला धरून उभी करा. त्या ढकलगाडीला धरून ती आमच्या अंगणात चालायला शिकली. चाकाने अखेर जे सिद्ध करायचं ते केलं म्हणून सर फार खूश होते. रोज संध्याकाळी यायचे, खाटेवर बसून तिच्या पावलांकडे आणि चाकांकडे आळीपाळीने बघायचे आणि वहिनींनी खिशात भरून दिलेले शेंगदाणे संपवायचे.

एका संध्याकाळी ती अंगणाच्या टोकापासून गाडी ढकलत निघाली. मध्यावर आल्यावर तिने गाडी सोडली. हात पसरून, पाय थोडे फाकवून, हेलकावत ती सरळ सरांपर्यंत आली, त्यांच्या गुडघ्याला धडकली आणि वर बघितलं. मग दोन्ही हात वर केले.

सरांनी दाराकडे बघितलं, मग रस्त्याकडे. कोणी विद्यार्थी नव्हता. ते उठले, कोट काढला, घडी न घालताच ओसरीच्या खुंटीला अडकवला, आणि तिला उचलून खांद्यावर बसवलं. ती त्यांचे केस धरून ओरडायला लागली, आणि ते तिला घेऊन अंगणातून फिरू लागले, एक फेरी, मग आणखी एक. गाडी मध्येच उभी होती. दर फेरीला ते त्या गाडीला वळसा घालून जात होते.